हुद्द्याबाहेर दुखू नये

विश्रांतवाडी, पुणे १५
सोमवार, १२ डिसेंबर २००५

तीर्थरूप समाधानदादा यांना शालनचा सविनय जयभीम. जाऊबाईंनाही जयभीम.

तुमची प्रकृती कशी आहे हे मी या पत्रात विचारत नाही. पस्तीस वर्षं विचारते आहे आणि पस्तीस वर्षं दापोलीहून एकच उत्तर येतं: प्रकृती उत्तम. चौऱ्याण्णव साली तुम्ही विहिरीच्या कठड्यावरून पडून दीड महिना अंथरुणाला होतात. त्या पत्रात अक्षर आडवं गेलं होतं, पण प्रकृती उत्तमच होती. खरी बातमी तुमच्या सहीखाली जाऊबाई ज्या दोन ओळी लिहितात त्यांत असते. त्यामुळे तुमची पत्रं मी नेहमी खालून वर वाचते. (जाऊबाई या ओळी तुम्हाला न दाखवता लिहितात, हे आता तुम्हाला कळलं. त्यांना बोलू नये. साक्षीदाराला संरक्षण द्यावं, असा नियम आहे.)

इकडचं म्हणाल तर बातमी विजयाची आहे, आणि ती सविस्तर सांगायची असल्यामुळे आंतर्देशीय न घेता कागद घेतला आहे. आपल्या वस्तीतल्या माजी सैनिकांना फिजिओथेरपीचं केंद्र मिळालं. दोन खाटा, शेक देण्याचं यंत्र, कंबर ताणण्याचं यंत्र, आणि सोमवारी व गुरुवारी येणारी एक शिकलेली मुलगी. माझा हेतू तुमच्यापासून लपवत नाही. बेचाळीस माजी सैनिकांचं भलं व्हावं ही इच्छा होतीच, पण त्या दोन खाटांपैकी एकीवर मला विशेषकरून एकच माणूस आडवा करायचा होता. तो म्हणजे तुमचे धाकटे बंधू.

त्यांची स्थिती तुम्हाला ठाऊक नाही, कारण तेही तुमच्यासारखेच पत्र लिहितात. उखळी तोफेची जी लोखंडी बैठक तुम्ही दोघांनी आळीपाळीने पाठीवर घेऊन डोंगर चढवली, ती त्यांच्या कमरेने अजून खाली ठेवलेली नाही. सकाळी पलंगावरून उठायला त्यांना चार टप्पे लागतात. दोन टप्प्यांच्या मध्ये ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहतात, म्हणजे मला वाटावं की तिथी बघताहेत. (तिथीशी आपला संबंध काय?) पीएमटीच्या बसची पायरी त्यांना उतरवत नाही. कंडक्टर घाई करतो, दोरी ओढतो, आणि हे तीन थांबे पुढे कळसच्याही पलीकडे जाऊन रिक्षाने परत येतात. वर सांगतात, हवा खाऊन आलो. गेल्या वर्षभरात त्यांनी इतकी हवा खाल्ली आहे की रिक्षावाला आता विचारतच नाही कुठे जायचं. डॉक्टरांकडे न्यावं तर तिथे ताठ उभे राहून सांगतात, ठीक आहे साहेब. पलटणीत डॉक्टरकडे गेलेल्या जवानाला लोक कामचुकार म्हणायचे, आणि डॉक्टरही चिठ्ठीवर 'औषध आणि ड्यूटी' असं लिहून परत पाठवायचा, हे मला मान्य आहे. पण निवृत्तीला एकवीस वर्षं झाली. आता ड्यूटी नाही, तर निदान औषध तरी घ्यावं.

याउलट आमचा अभय. हडपसरच्या संगणक कंपनीत आहे, वय वर्षं अठ्ठावीस, आणि त्याची पाठ दुखते. खुर्चीवर बसून दुखते. कंपनीच्या डॉक्टरने त्याला विचारलं, शून्य ते दहामध्ये किती? त्याने बेधडक सांगितलं, सात. दुसऱ्याच आठवड्यात त्याला नवी खुर्ची मिळाली, तिला सहा दांडे आहेत. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा तुमचे बंधू पेपर वाचत होते. पेपर खाली न करता ते म्हणाले, "बसून दुखते? मग उभा राहा." सून पूर्वा हसली, अभय रागावला, आणि माझ्या डोक्यात विचार आला की ज्या देशात सात म्हटल्याबरोबर खुर्ची मिळते, तिथे आमची माणसं शून्य म्हणून मरणार आहेत.

अभयच्याच कंपनीने समाजकार्यासाठी काही निधी बाजूला ठेवला होता. माजी सैनिक संघटनेच्या खोलीत फिजिओथेरपीचं केंद्र काढावं असा अर्ज मी लिहिला, अभयने तो पोचवला, आणि कंपनीने कळवलं की आधी गरज सिद्ध करा. सर्वेक्षणाला त्यांनी कल्याणी नावाची फिजिओथेरपिस्ट पाठवली. मुलगी हुशार, पण कोवळी. तिने ऑक्टोबरमध्ये एका सकाळी सगळ्यांना खोलीत खुर्च्यांवर बसवलं आणि एकेकाला विचारलं, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? (तुमचे बंधू त्या वेळी दळण आणायला गेले होते. गिरणी खोलीच्या शेजारीच आहे. दळण यायला तीन तास लागले.) बाकीच्या एक्केचाळीस जणांची सरासरी निघाली शून्य दशांश पासष्ट.

कंपनीने लगेच कळवलं की आपले माजी सैनिक ठणठणीत आहेत याचा आम्हाला अभिमान वाटतो, सबब फिजिओथेरपीऐवजी खोलीत दहा संगणक ठेवून त्यांना ई-मेल शिकवू. संघटनेचे अध्यक्ष, ऑनररी कॅप्टन सर्जेराव जगदाळे, यांनी उभं राहून कंपनीचे आभार मानले. ते उभं राहताना टेबलही त्यांच्याबरोबर थोडं उठलं, कारण त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

मी कल्याणीकडून तो तक्ता मागून घेतला. दादा, सांख्यिकी कार्यालयात मी एकतीस वर्षं लोकांनी पाठवलेले आकडे तपासले आहेत. खरा आकडा विस्कटलेला असतो. आकडे जिथे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे असतात तिथे कोणीतरी त्यांना उभं केलेलं असतं. तक्त्यात कॅप्टन जगदाळे: दोन. सुभेदार आणि नायब सुभेदार मिळून सात जण: सर्वांना दीड. चौदा हवालदार: सर्वांना एक. त्याखालचे एकोणीस: सर्वांना शून्य. शेवटच्या शिपायापुढे कल्याणीने एक टीप लिहिली होती की या गृहस्थांनी वजा आकडा चालेल का असं विचारलं, परंतु संगणक तो घेत नाही. (या शिपायाच्या मांडीत पोलादाची सळई आहे. पावसाळ्यात तो हवामान खात्याच्या आधी सांगतो.)

आमच्या खालच्या मजल्यावर हवालदार ढावरे राहतात. ते जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून थांबले होते. मी गाठलं आणि विचारलं, हे एक काय प्रकरण आहे? ते म्हणाले, "वहिनी, कॅप्टन साहेब सगळ्यांत आधी बोलले. दोन म्हणाले. सुभेदार साहेब म्हणाले दीड. मग मी काय सात म्हणू? साहेबांपेक्षा जास्त दुखवून घ्यायचं, बरं दिसतं का?" मी विचारलं, खरं किती दुखतं? त्यांनी आधी जिन्याच्या वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "कॅप्टन साहेबांना सांगणार नसाल तर, आठ."

म्हणजे रोग सापडला. गुडघ्याला हुद्दा कळत नाही, पण गुडघ्याच्या मालकाला कळतो. चूक कल्याणीच्या प्रश्नात नव्हती, विचारण्याच्या पद्धतीत होती. जनगणनेच्या कामात मी दोनदा पर्यवेक्षक होते. तिथले दोन नियम मी तिला शिकवले. पहिला, घरातल्या कर्त्या पुरुषाने स्वतःविषयी सांगितलेलं कधीही पडताळून पाहिल्याशिवाय लिहू नये. दुसरा, माणसाला काय होतं हे विचारू नये, तो काय करतो ते बघावं. ती म्हणाली, "पण मॅडम, कंपनीने तर फाइल क्लोज केली." मी म्हटलं, फाइल बंद करता येते तशी उघडताही येते. बिजागरी एकच असते. अभयकडून निरोप धाडला. कंपनीतर्फे हा निधी बघणारा सौमित्र म्हणून एक सव्वीस वर्षांचा मुलगा आहे. तो एका रविवारी स्वतः येऊन बघायला तयार झाला. दिवस ठरला सहा नोव्हेंबर.

यापुढे मी जे केलं त्याला कोणी कट म्हणेल. मी त्याला पूर्वतयारी म्हणते. प्रथम संघटनेची खोली रंगवायला काढली. (महिला शाखेची चिटणीस मी आहे आणि भिंती खरोखरच खराब होत्या.) खोली बंद, म्हणून सभेसाठी विहाराचं सभागृह मागितलं. तिथे चपला-बूट दाराबाहेर काढायचे आणि आत सतरंजीवर मांडी घालून बसायचं, ही रीत तुम्हाला सांगायला नको. मग सूचनेचा मसुदा केला. त्यात एवढंच लिहिलं की कंपनीचे वरिष्ठ अधिकारी जातीने उपस्थित राहणार आहेत. बाकीची भर कॅप्टन साहेब स्वतः घालतील याची मला खात्री होती. त्यांनी घातलीच. सहीच्या वर लाल शाईत: 'पूर्ण पोशाख, पदके, काळे बूट, चकचकीत.'

बायकांना मी नऊ वाजताच मागच्या दाराने बोलावलं होतं. कल्याणीने मी केलेला फॉर्म घेऊन एकेकीला विचारायला सुरुवात केली. दुखणं हा शब्द त्या फॉर्ममध्ये कुठेही नव्हता. पायमोजे कोण घालतं? जमिनीवरून उठताना आधार कशाचा घेतात: भिंतीचा, पलंगाचा की तुमचा? हातातून काही खाली पडलं तर काय करतात? दादा, एकतीस वर्षांत अशी माहिती कोणी इतक्या उत्साहाने दिलेली मी पाहिली नाही. मुळा-मुठेला पूर आला की बंडगार्डनवर जसं पाणी येतं तसं झालं. ढावऱ्यांच्या मथुराबाई म्हणाल्या, "पडलेली वस्तू उचलत नाहीत. पायाने पलंगाखाली सारतात आणि मला सांगतात हरवली. परवा दिवशी झाडलं तर तीन पेनं, चष्मा आणि माझी जोडवी निघाली." मग पाळी आली कॅप्टन साहेबांच्या द्वारकाबाईंची. त्यांनी आधी दार लावायला सांगितलं. नऊ वर्षं झाली, प्रत्येक पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला त्या खोलीचं दार लावून साहेबांचे बूट चढवतात आणि नाड्या बांधतात. "आणि बाहेर आल्यावर सगळ्यांदेखत म्हणतात, तुझ्यामुळे उशीर झाला." एवढं सांगून त्या हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला. कल्याणीचं लिहिणं थांबलं. मी तिला म्हटलं, लिही, शाई वाळते आहे.

बरोबर दहाला एक्केचाळीस जण तीन रांगांत आले. काय ते बूट! एकेका बुटात तोंड दिसत होतं. मी घड्याळ आणि वही घेऊन दाराशी उभी होते. कॅप्टन साहेब पहिले. दारापर्यंत आले, पाटी वाचली, बुटांकडे पाहिलं, आणि थांबले. आता साहेबांच्या आधी खालच्याने बूट काढून आत जाणं शक्य नाही, आणि साहेबांना वाकणं शक्य नाही. सबंध पलटण थबकली. साहेबांनी प्रथम विहाराच्या कमानीची स्तुती केली. मग गटार साफ का नाही याची चौकशी केली. मग कठडा हलवून तो पक्का आहे असा निर्वाळा दिला. सहा मिनिटं झाली. तेवढ्यात सौमित्र रिक्षातून उतरला, पायातल्या चपला उडवल्या, आत जाऊन परत बाहेर आला आणि मला म्हणाला, "काकू, सर्वे कधी स्टार्ट होणार?" मी म्हटलं, कधीच सुरू झालाय, इथे उभे राहा आणि बघा.

आठव्या मिनिटाला मागून हवालदार ढावरे पुढे सरकले. "साहेब, मी काढू का नाड्या?"

"ढावरे, तुम्हाला वाकता येतं?"

"नाही साहेब."

"मग?"

"नाही, विचारायची पद्धत आहे म्हणून विचारलं."

मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. अकरा मिनिटं झाली. साहेबांच्या कपाळावर घाम होता आणि छातीवरची पदकं जराही हलत नव्हती, कारण ते श्वासही जपून घेत होते. मला त्यांची दया आली, पण दयेने आकडा मिळत नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "कॅप्टन साहेब, वाकता येत नसेल तर खरा आकडा सांगा. आकडा सांगायला वाकावं लागत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादा, मी वरिष्ठांच्या पुष्कळ नजरा पाहिल्या आहेत, पण त्या वेळी मीही टाचा जुळवल्या. मग ते समोर बघून परेडच्या मैदानावरच्या आवाजात ओरडले, "आठ!" विहाराच्या छपरावरची कबुतरं उडाली. पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. आणि मागच्या रांगांमधून, कोणी न सांगता, आरोळ्या सुरू झाल्या: साडेसात साहेब! साडेसात साहेब! मग हवालदार: सात! सात! मग नाईक: सहा! अगदी शेवटी सळईवाला शिपाई: पाच साहेब! (म्हणजे पुन्हा हुद्द्याप्रमाणेच उतरती भाजणी, फक्त या वेळी आठापासून. शास्त्राच्या दृष्टीने हाही तक्ता फेकून देण्याच्या लायकीचा होता. शिपाई नंतर माझ्या कानात सांगून गेला की खरे नऊ आहेत, पण नऊ साहेबांच्या डोक्यावरून जातात. माझ्याकडे बायकांनी भरलेले फॉर्म होते, त्यामुळे मी या तक्त्याची चिंता केली नाही. पण गर्जनेची नोंद घेतली.)

आवाज ऐकून द्वारकाबाई मागच्या खोलीतून बाहेर आल्या. दारातल्या पायरीवर बसल्या, साहेबांचा उजवा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि भर उजेडात, चाळीस माणसांदेखत, नाडी सोडली. त्या चाळीस जणांनी कोणीही हुकूम न देता मान सरळ केली आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवली. डावा बूटही निघाला. मग साहेब म्हणाले, "द्वारका, आज उशीर माझ्यामुळे झाला." एवढंच.

त्यानंतर मथुराबाई आल्या, मग एकेक करून बाकीच्या. ज्यांच्या बायका नव्हत्या त्यांच्यासाठी कल्याणी बसली, आणि सौमित्रही बसला. सळईवाल्या शिपायाचे बूट त्यानेच काढले. उठताना त्याने कंबर धरली आणि लगेच जाहीर केलं की आपले सहा आहेत. या पिढीकडून शिकण्यासारखं एवढं एक आहे.

आत कोणालाही मांडी घालून बसता येईना. सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. सौमित्रने संगणक उघडला, मग आपणच बंद केला. म्हणाला, "काकू, प्रेझेंटेशनची गरज नाही." मी म्हटलं, मला शालनबाई म्हणायचं, आणि मंजुरी लेखी द्यायची. त्याने दोन्ही गोष्टी ऐकल्या.

एक डिसेंबरला केंद्र सुरू झालं. बायकांच्या फॉर्मवरून (ज्यांच्या बायका नव्हत्या त्यांच्यासाठी सुना-शेजारणींना विचारून) प्रत्येकाचा खरा आकडा लावला आणि पाच किंवा त्यावर असेल त्याचं नाव यादीत घेतलं. खाटेचा क्रम आकड्याप्रमाणे. पहिल्या खाटेवर सळईवाला शिपाई गेला आणि ऑनररी कॅप्टन आपल्या पाळीची वाट बघत बाकावर बसले. शिपाई खाटेवरूनच सलाम करत होता, तेव्हा कल्याणीने त्याचा हात खाली दाबला. साहेब खाटेवर आडवे झाले की तपासणीसाठी मांडलेल्या सामानासारखे दिसतात, पण येतात नियमाने. परवाच्या गुरुवारी त्यांनी पाय स्टुलावर ठेवून डाव्या बुटाची नाडी स्वतः सोडली. उजवीचं अजून जमलेलं नाही. द्वारकाबाईंनी पेढे वाटले. मीही खाल्ला, साखर जास्त होती.

दहा संगणकांचं काय झालं म्हणाल तर त्यांतला एक आम्ही ठेवून घेतला, यादी करायला. मी शिकते आहे. एकंदरीत, एक्केचाळीसपैकी सदतीस जण यादीत, शून्य दशांश पासष्टवरून सहा दशांश नऊ. माझ्या नोकरीत मी सरासरी सुधारण्याचा आरोप कधी अंगावर येऊ दिला नाही. निवृत्तीनंतर एकदा केला आणि अभिमानाने केला.

कागद संपत आला. जाऊबाईंना सांगावं, स्वारगेटच्या गाडीत ड्रायव्हरजवळ आमसुलं दिली होती ती पोचली. मुलांना आशीर्वाद, लहानांना गोड पापा. कळावे, लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

आपली आज्ञाधारक,
शालन

ता. क. दुसरा कागद घेतला. यादी एक्केचाळिसांची लिहिली, सैनिक बेचाळीस आहेत. हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बेचाळिसावे तुमचे बंधू. सहा नोव्हेंबरला ते विहारात चपला घालून आले. (माझ्या घरात राहून माझी पूर्वतयारी पाहिलेला तो एकच माणूस.) क्षणात चपला काढल्या, आत गेले, दोन तास खांबाला टेकून उभे राहिले आणि कल्याणीच्या जुन्या तक्त्यात आपल्या नावापुढे शून्य लिहून सही केली. मी त्यांच्यापुरता बायकोचा फॉर्म भरून ठेवला आहे, त्यावरून नऊ निघतात. पण कल्याणी म्हणते, माणूस स्वतः नाही म्हणत असताना त्याला खाटेवर बांधता येत नाही. मी म्हटलं, कॅप्टन साहेबांनी आठ सांगितले, आता तुम्हाला काय अडचण आहे? तर म्हणाले, "कॅप्टन साहेब माझ्या पलटणीचे नाहीत. माझे सीनियर दादा. दादांची प्रकृती उत्तम आहे."

मग पहिल्यांदाच त्यांनी मला ते सांगितलं. भरती होऊन दोन महिने झाले होते, पायाला फोड आले म्हणून ते वाटेत दगडावर बसले. तुम्ही त्या वेळी लान्स नाईक होतात. तुम्ही मागून येऊन म्हणालात, "ऊठ. आपल्याला बसलेलं एकदा पाहिलं की लोक शंभर वर्षं बोलतील." ते उठले. दादा, त्या वेळी तुम्ही बरोबर होतात, हे मला कोणी समजावून सांगायला नको. पण सेहेचाळीस वर्षं झाली. तो हुकूम अजून लागू आहे आणि तो मागे घेण्याचा अधिकार फक्त तुम्हाला आहे.

तेव्हा या पत्राचं कारण एवढंच, की मला तुमचा आकडा हवा आहे. शून्य ते दहामध्ये. उत्तम हा आकडा नाही. यादी एकतीस डिसेंबरला बंद होते. दापोलीहून पत्राला चार दिवस लागतात, त्यामुळे सत्तावीसच्या आत पेटीत पडावं.

ता. क. २. तुमच्या आकड्याखाली जाऊबाईंची साक्षीदार म्हणून सही असावी. दोघांच्या आकड्यांत फरक आला तर मी जाऊबाईंचा धरीन.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात तुमच्या बंधूंनी मागून घेतलं, चष्मा लावून सगळं वाचलं, एकदाही हसले नाहीत. मला म्हणाले, खाली जागा ठेव, मला दोन ओळी लिहायच्या आहेत. काय लिहिताहेत ते मला बघू देत नाहीत. जागा ठेवली आहे.

दादा, जयभीम. ही लिहिते ते सगळं बरोबर आहे. आकडा जरा मोठा पाठवा.
— रतन